कुंपणातच बसवलेलं बिनपायांचं बाकडं, आठ महिने वापरल्यावर

माहीमला आमचं तळमजल्याचं घर, मागे दहा बाय सहाची मोकळी जागा आणि गल्लीकडून आडोसा म्हणून सागवानी पट्ट्यांचं कुंपण. सासूबाईंना संध्याकाळचा चहा बाहेरच हवा असतो, पण खुर्च्या मांडल्या की चालायला जागा उरत नाही, म्हणून फेब्रुवारीत कुंपणातूनच पुढे येणारं पाच फुटी बाकडं करून घेतलं, खाली एकही पाय नाही.

पहिलं काम फसलं. मिस्त्रींनी एल ब्रॅकेट सरळ कुंपणाच्या पट्ट्यांनाच स्क्रूने मारले आणि तीन आठवड्यांत बाकडं पुढे वाकलं, पट्ट्याही ओढल्या गेल्या. खूप वाईट वाटलं, चांगलं लाकूड होतं हो! मग नीट हिशोब मांडला. 75 किलोचा माणूस कुंपणापासून 30 सेंटिमीटरवर बसला आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये 15 सेंटिमीटर अंतर असलं तर वरच्या स्क्रूंवर दीडशे किलोची ओढ येते, आणि पट्टी किती जाड, तर पाऊण इंच. ती कशी टिकणार?

म्हणून सगळं उतरवून तीन इंची चौकोनी जीआय पाइपचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचे, तीन खांब दोन फूट खाली काँक्रीटमध्ये रोवले, त्यांना बाहेर येणारे हात वेल्ड केले, कुंपणाच्या पट्ट्या खांबांच्या पुढून परत लावल्या आणि हातांवर फळ्या. खांब दिसत नाहीत पण सगळा भार तेच घेतात. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळून जातो, तिथे झिंकचा रंग दोनदा मारून घ्याच, आणि पाइपची तोंडं बंद करा नाहीतर आत पाणी साचून पाइप आतूनच सडतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. फळ्यांमध्ये 6 मिलिमीटर फट ठेवलेली, त्यामुळे लाकूड फुगलं तरी फळ्या एकमेकींना भिडल्या नाहीत, पाणीही थांबलं नाही. पण मागची फळी मी कुंपणाला अगदी चिकटवून घेतली होती, ती माझी चूक, तिथे पाला अडकला, ओल राहिली आणि ऑगस्टमध्ये शेवाळ धरलं. सप्टेंबरात ती फळी इंचभर कापून घेतली, आता कोरडं राहतं. साधे स्क्रू वापरू नका, सागातल्या टॅनिनमुळे, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्यामुळे, लोखंडाभोवती काळे डाग पडतात, आमच्याकडे दोन फळ्यांवर पडलेत. मग नागदेवी स्ट्रीटवरून 304 ग्रेडचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणले, पण समुद्र पाच मिनिटांवर, त्यांच्यावरही तांबूस ठिपके आलेत, इथे खाऱ्या हवेत जास्त टिकणारे 316 ग्रेडचेच घ्यायला हवे होते. पुढच्या पावसाआधी बदलणारे.

उंची 17 इंच ठेवली, बसायची रुंदी 16. झाडू खालून सरळ फिरतो. आणि एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती, खाली आडवं काही नसल्यामुळे सासूबाई पाय मागे घेऊन उठतात, गुडघे दुखत असूनही कुणाचा हात लागत नाही.