बिल एकशेदहाच्या पाईपचं, फरशीखाली पंचाहत्तरचा

साताऱ्यातल्या आमच्या घरात खाली भाऊ-वहिनींची खाणावळ आहे, वर आम्ही राहतो. घराची दुरुस्ती काढली तेव्हा ड्रेनेजचं काम एका ठेकेदाराला दिलं. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: संपूर्ण लाईन ११० मिमी, एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा प्लास्टिक पाईप), टाईप बी (मैला-सांडपाण्यासाठीचा जाड प्रकार), रनिंग फुटाच्या दराने. पैसेही त्याच दराने घेतले.

खाणावळ सुरू झाली आणि त्रास सुरू झाला. वर फ्लश ओढला की खाली स्वयंपाकघरातला नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखालचं, वास अडवायला पाणी धरून ठेवणारं भांडं) गुडगुडायचा, मागोमाग घाण वास. पुढे ऐन जेवणाच्या वेळी जाळीतून काळं पाणी वर येऊ लागलं. गिऱ्हाईक ताटावर बसलेलं आणि वहिनी पोती टाकून पाणी अडवतायत! ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं: "दादा, तुमच्याकडं भात-भाजी मोरीत ओतत्यात, त्याला पाईप काय करणार?" ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी) वहिनी स्वतः उभ्या राहून साफ करून घेतात, म्हणून हे बोलणं फार लागलं. शिवाय त्याने चेंबरचं झाकण उघडून दाखवलं. पाईपाचं तोंड एकशेदहाचंच होतं. संडासाखालचं टोकही एकशेदहाचंच.

शेवटी एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चेंबरजवळची फरशी फोडली. हातभर आत रिड्यूसर (मोठा पाईप लहान पाईपाला जोडणारा तुकडा), आणि तिथून थेट दुसऱ्या टोकापर्यंत ७५ मिमीचा पाईप. दिसणारी दोन टोकं मोठी, झाकलेला सगळा भाग लहान. शिवाय पाईप टाईप ए, म्हणजे पावसाच्या पाण्यासाठी आणि व्हेंटसाठी (लाईनला हवा मिळावी म्हणून) असतो तो पातळ. छापील अक्षरं मातीकडे फिरवून ठेवलेली. गच्चीवर टोपी लावलेला व्हेंट पाईप दिमाखात उभा होता, पण खाली तो कशालाच जोडलेला नव्हता.

७५ आणि ११० या आकड्यांत फरक थोडा वाटतो, पण आतली जागा निम्म्याहून कमी होते. संडासाची लाईन पुढे जाताना मोठी होऊ शकते, लहान कधीच करायची नसते. मैला नेमका रिड्यूसरच्या ओठावर अडतो. घरात बेसिन, मोरी, संडास एकाच क्षणी क्वचित वाहतात. खाणावळीत दुपारी सिंक, हात धुण्याची जागा आणि भांडी घासायची मोरी एकदमच सुटतात, म्हणून तिथे भार जास्त धरूनच माप ठरवावं लागतं. व्हेंट नसला की खाली धावणारं पाणी हवा ओढतं, ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं आणि गटाराचा वास घरात येतो. गुडगुड त्याचीच होती.

ज्यांचं काम चालू आहे त्यांना कळकळीने सांगतो, टोकं बघून समाधान मानू नका. कोबा पडण्याआधी पूर्ण लाईन उघडी असताना प्रत्येक तुकड्यावरची छपाई वाचा. आयएस १३५९२ (या पाईपांचं भारतीय मानक), टाईप बी आणि माप दिसलं पाहिजे. ११० हे बाहेरचं माप आहे. टाईप बीची जाडी किमान ३.२ मिमी असते, टाईप एची २.२. कापलेल्या टोकावर व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावला की लगेच कळतं. टेप ठेवून फोटो काढा. ढाळ बघा: चार इंची, म्हणजे ११० च्या लाईनला ४० ला १, म्हणजे दहा फुटांत तीन इंच.

झाकून गेलेल्या सरळ लाईनसाठी मिस्त्रींनी दाखवलेली परीक्षा मला सगळ्यात पटली. आतल्या मापापेक्षा जेमतेम लहान, साधारण नऊ सेंटिमीटरचा गुळगुळीत चेंडू वरच्या चेंबरमधून पाण्याबरोबर सोडायचा. तो खालच्या चेंबरात आला पाहिजे. टेनिसचा बॉल वापरू नका, तो ७५ च्या पाईपातूनही निघून जाऊ शकतो. ही परीक्षा होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका, आणि तशी अट कोटेशनमध्येच लिहून घ्या.

आमची लाईन पुन्हा टाकावी लागली, फरशीसकट. काढलेला रिड्यूसर, पाईपाचे तुकडे, फोटो आणि बिल जपून ठेवलं आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. आमची तक्रार दाखल झाली आहे.