कळवून तपासणी की अचानक?
उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराची तपासणी आधी कळवून केली, तर मालक हजर असतो, नोंदी हाताशी असतात, चुका समजावून सांगता येतात. नवख्या मालकाला याचा खरंच उपयोग होतो. पण त्या दिवशी फ्रीजही आवरलेला असतो!

न सांगता, ऐन गर्दीत गेलं की खरं चित्र दिसतं: कच्च्या मांसाच्या खाली ठेवलेली चिरलेली फळं, साबण नसलेलं बेसिन, तासन्‌तास बाहेर राहिलेला भात. शिजवलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये राहिलं की जिवाणू झपाट्याने वाढतात. भातातले काही जिवाणू तर असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे माझं मत अचानक तपासणीलाच. पहिला परवाना देताना मात्र कळवून जावं.