लेसवाला अँकल ब्रेस: गोव्यातल्या कोर्टवर किती कामाचा

बास्केटबॉलमध्ये घोटा मुरगळतो तो बहुतेकदा एकाच पद्धतीने. रिबाउंड (बास्केट चुकून परत आलेला चेंडू) घेऊन खाली येताना पाऊल दुसऱ्याच्या बुटावर पडतं, तळवा आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा बंध, ताणतं किंवा फाटतं. एकदा फाटलेला घोटा पुन्हा मुरगळायला फार वेळ लागत नाही. म्हणून बुटांवर आठ-दहा हजार खर्च करणाऱ्याने त्यातला थोडा पैसा ब्रेसकडे, म्हणजे घोट्याला बांधायच्या आधाराकडे वळवावा, आणि घ्यायचा तर लेसवालाच घ्यावा.

दुकानात तीन प्रकार दिसतात. पहिला इलॅस्टिकचा मोजा. स्वस्त असतो, पाय उबदार ठेवतो, हलकी सूज दाबतो, पण वळणारा घोटा तो अडवत नाही. खेळताना त्याच्यावर विसंबून राहू नये. दुसरा दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला. नुकत्याच बऱ्या झालेल्या घोट्याला हाच सर्वांत भक्कम आधार देतो, पण अरुंद बुटात मावत नाही आणि दमट हवेत घोट्याच्या हाडावर घासून कातडी सोलते. तिसरा नायलॉनच्या कापडाचा, पुढे लेस आणि वरून आठाच्या आकड्यासारखे फिरणारे दोन पट्टे असलेला. रोजच्या सरावाला हा बरोबर बसतो. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळकरी बास्केटबॉलपटूंचे दोन गट पाहिले होते. लेसचा ब्रेस घालणाऱ्यांत घोट्याच्या दुखापती न घालणाऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांश झाल्या. मात्र जी दुखापत झाली, तिची तीव्रता ब्रेसने कमी केली नाही. ही दुसरी गोष्ट विकणारा सांगत नाही, पण घेणाऱ्याला ती माहीत हवी.

ब्रेस म्हटलं की एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या स्टीफन करीचं नाव निघतंच, आणि ते योग्यही आहे. 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेट वॉरियर्सने घेतलेला हा 188 सेंटिमीटर उंचीचा मुलगा दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामात उजव्या घोट्याने हैराण झाला होता. मे 2011 मध्ये एक शस्त्रक्रिया, एप्रिल 2012 मध्ये दुसरी. मधल्या हंगामात त्याला फक्त 26 सामने खेळता आले. त्याच वर्षी त्याने चार वर्षांसाठी 4.4 कोटी डॉलरचा करार केला. पुढे जो खेळाडू तो झाला त्याच्या मानाने ही रक्कम फार कमी होती, आणि कारण तो घोटाच. नंतरच्या हंगामात 78 सामने आणि 272 तीन-गुणी बास्केट, म्हणजे एका हंगामातला तेव्हाचा विक्रम. मग 2015, 2017, 2018 आणि 2022 ची चार अजिंक्यपदं, 2016 चा सर्वानुमते दिलेला पहिलाच एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) किताब, आणि 2024 मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्ण.

या सगळ्या काळात त्याच्या दोन्ही घोट्यांवर ब्रेस दिसायचे. पण नुसत्या ब्रेसने करी उभा राहिला, असं समजून खरेदी केली तर फसाल. त्याच्या ट्रेनरांना दिसलं ते वेगळंच: झटकन दिशा बदलताना सगळा भार तो घोट्यावर घेतो, नितंबाचे स्नायू कामच करत नाहीत. मग वर्षानुवर्षं नितंब आणि मांड्यांवर मेहनत झाली, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) 180 किलोच्या घरात गेली, आणि वळताना जोर कमरेतून यायला लागला. ब्रेस घोट्याला आत वळू देत नाही. घोट्यावर तेवढा भार येऊ न देणं हे वरच्या स्नायूंचं काम. दोन्ही हवं.

आता घालण्याची पद्धत, कारण बरेच ब्रेस चुकीचे घातले जातात. खुर्चीवर बसा, खाली उंच मोजा घाला, टाच जमिनीवर आपटून ब्रेसच्या मागच्या भागात पक्की बसवा आणि पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा. पाऊल खाली लोंबत असताना लेस बांधली तर उभं राहिल्यावर ती सैल पडते. लेस बोटांकडून वर ओढत या. मग पट्टे: जो पट्टा तळव्याखालून बाहेरच्या अंगाने वर येतो, तोच घोट्याला आत वळण्यापासून अडवतो. तो जास्त ताणा, दुसरा बेताने. करंगळी बधिर झाली किंवा नखं निळसर दिसली की सोडून परत बांधा. खेळताना लेस हळूहळू ढिली पडते, तेव्हा दहा मिनिटांचं क्वार्टर संपलं की पाणी पिताना पट्टे पुन्हा ओढून घ्यायची सवय लावा.

माप घेताना घाई नको. काही कंपन्या बुटाचा नंबर विचारतात, काही टाच ते पावलाच्या वरचा खळगा असा तिरका घेर. दोन मापांच्या मधे असाल तर लहान घ्या, कापड वापराने ताणतं. बूट मात्र अर्धा नंबर मोठा लागू शकतो, म्हणून पणजी-मडगावच्या दुकानात जाताना खेळायचे बूट सोबत न्या आणि ब्रेस घालून त्यात पाय जातो का ते तिथेच बघा.

आपल्या हवेत या वस्तूला दोन शत्रू आहेत. एक, दमटपणा. जूनपासून चवथ होईपर्यंत ओला ब्रेस दोन दिवस वाळत नाही, आणि तसाच घातला की बोटांच्या बेचक्यांत बुरशी आलीच. एकाच पायाला लागत असला तरी त्या दिवसांपुरता दुसरा ब्रेस जवळ ठेवा आणि आळीपाळीने वापरा. कोमट पाणी, साधा साबण, वेल्क्रो बंद करून हाताने धुवा. पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, इलॅस्टिक मरतं. दुसरा शत्रू उघड्या सिमेंटच्या कोर्टवरची तांबडी धूळ. ती आणि मोज्याचा कापूस वेल्क्रोच्या आकड्यांत बसतो, आणि ऐन सामन्यात पट्टा सुटतो. जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा आकडे घासले की पकड परत येते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर लेसची भोकं धातूची नसलेला ब्रेस निवडा. खारट हवेत त्या कड्या गंजतात आणि लेस कापतात.

एवढं केलं तरी शेवाळलेल्या कोर्टवर ब्रेस काही करू शकत नाही. पाय घसरतो तिथे आधाराचा प्रश्नच येत नाही. पावसात नावेली किंवा ताळगावसारखं छपराखालचं कोर्ट मिळालं तरच खेळा.

ब्रेसच्या जोडीला रोज दहा मिनिटं: एका पायावर डोळे मिटून 30 सेकंद, तीनदा, रबरी पट्टा मांड्यांभोवती अडकवून अर्ध्या बैठकीत आडवं चालणं, दोन्ही बाजूंना 15 पावलं, आणि एका पायावर कमरेतून वाकून उठणं, दहा-दहाचे तीन सेट. वाकताना गुडघा आत पडत असेल तर वजन घेऊ नका.

आणि मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखत असेल, तर ब्रेस आवळून परत कोर्टवर जायचं नाही. आधी एक्स-रे.