शाळांच्या टॅब-प्रोजेक्टरसाठी स्नाइप-आयटी: वर्षभर वापरल्यावर

केंद्रातल्या शाळांच्या सामानाची नोंद मी स्नाइप-आयटी या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो आणि प्रत्येक वस्तूवर तिचा क्यूआर आणि क्रमांक असलेला स्टिकर लावतो. परवा पडताळणीला गेलो तर एका शाळेच्या प्रोजेक्टरवर स्टिकरच्या जागी काळी पट्टी! क्यूआर नाही, क्रमांक नाही. गरम हवा बाहेर पडते त्या जाळीशेजारीच कुणीतरी तो डकवलेला. त्यात वर पत्रा आणि सोलापूरचा एप्रिल. दुकानदाराने "टिकाऊ आहे सर" म्हणून गळ्यात मारलेला रोल निघाला बिलाच्या कागदासारखा थर्मल. ज्यावर उष्णतेनेच अक्षर उमटतं, तो उष्णतेनेच काळा पडणार. परितेवाडीच्या डिसले गुरुजींना क्यूआर कोडच्या पाठ्यपुस्तकांमुळे 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्याच जिल्ह्यात आमचा क्यूआर उन्हापुढे आडवा!

सॉफ्टवेअरबद्दल फार तक्रार नाही. फुकट आहे, केंद्रशाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून चालवतो, महिन्याला रुपया जात नाही. शाळा म्हणजे लोकेशन, आणि टॅब शाळेच्याच नावावर. गुरुजींच्या नावावर दिले की बदल्यांच्या हंगामात कोण काय घेऊन गेलं याचा घोळ सुरू. मोडकं पण निर्लेखनाची (नोंदीतून काढून टाकायची) मंजुरी न आलेलं सामान, म्हणजे मुख्यतः यूपीएस, यासाठी वेगळं स्टेटस केलंय. नाहीतर यादीत सगळं 'चालू' दिसतं आणि वर्गात एकही चालू नसतं. टॅबचे 15 अंकी आयएमईआय (प्रत्येक टॅबचा ओळख क्रमांक) एक्सेलमधून आणणार असाल तर तो कॉलम आधी टेक्स्ट करा. नाहीतर सीएसव्ही (सॉफ्टवेअरमध्ये यादी चढवायची साधी फाईल) होताना एक्सेल शेवटचे अंक गिळून घातांक लिहून मोकळं होतं.

पण स्टिकर! अर्धा अभिप्राय लिहून ठेवला होता आणि त्यात तीनच तारे होते. नंतर रिबनने (शाईच्या पट्टीने) छापायचे चांदीच्या रंगाचे पॉलिस्टर स्टिकर आणले. महाग आहेत, रिबनचा खर्च वेगळा, छापून घ्यायचे तर दुकानदार वर हात मारतोच. तरी अख्खा मे काढला आणि एकही काळा पडला नाही की कोपरा सुटला नाही. प्रोजेक्टरवर मात्र आता जाळीच्या विरुद्ध बाजूलाच लावतो, आणि इन्व्हर्टरवर बॅटरीपासून लांब.

चौथा तारा आडव्या बारकोडमुळे. लेबलवर तो उगाच जागा अडवतो असं वाटायचं. मग राउटर बदलला, सर्व्हरचा, म्हणजे त्या डेस्कटॉपचा, आयपी (नेटवर्कवरचा क्रमांक) बदलला आणि सगळे क्यूआर एका दिवसात मुके झाले. कारण क्यूआरमध्ये त्या वस्तूच्या पानाचा अख्खा पत्ता असतो आणि पत्त्यात जुना आयपी. आडव्या बारकोडमध्ये नुसता आपण दिलेला क्रमांक. तो सर्चमध्ये स्कॅन केला की वस्तू समोर. तेव्हा छापण्याआधी सर्व्हरला कायमचा आयपी द्या, पत्त्यात आयपीऐवजी नाव दिलंत तर उत्तमच, आणि बारकोड काढू नका.

पाचवा तारा देत नाही. तपासणीला अजूनही जडवस्तू संग्रह नोंदवहीच (डेड स्टॉक रजिस्टर) मागतात आणि तिच्या रकान्यांच्या क्रमाने रिपोर्ट दरवेळी हाताने जुळवावा लागतो. सध्या प्रिंट काढून रजिस्टरातच चिकटवतो. साहेबांनी अजून तरी नाही म्हटलेलं नाही.