कुरळ, नालडियार की पुरनानूरु: आधी कोणतं हातात घ्यावं?

तमिळमध्ये एक म्हण आहे: 'आलुम् वेलुम् पल्लुक्कुरुदि, नालुम् इरण्डुम् सोल्लुक्कुरुदि.' वडाची आणि बाभळीची काडी दात बळकट करते, तसे 'चार' आणि 'दोन' बोलणं बळकट करतात. चार म्हणजे चार ओळींच्या कडव्यांचं नालडियार आणि दोन म्हणजे दोन ओळींचं तिरुक्कुरळ. बँकेच्या बदलीवर मी मदुराईला तीन वर्षं काढली. ही म्हण घरमालकांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवली, तीही मी गॅलरीत उभा राहून दात घासत असताना.

परत आल्यापासून दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतं: सदाचार, राज्यकारभार, कष्ट यांवर जुन्या तमिळ लोकांनी फार नेमकं लिहिलंय म्हणतात, सुरुवात कुठून करू? म्हणीप्रमाणे उत्तर दोन पुस्तकांतच संपायला हवं. मी त्यात तिसरं घुसवतो, पुरनानूरु. चार माणसं हाताखाली घेऊन काम करणारा कुणी विचारत असेल, तर आधी तेच पुढे करतो.

ओळख थोडक्यात उरकतो. तिरुक्कुरळमध्ये १३३ अध्याय, प्रत्येकात दहा द्विपदी, एकूण १३३०. पहिले ३८ अध्याय 'अरम्' म्हणजे सदाचारावर, मधले ७० 'पोरुळ्' म्हणजे राज्य, अर्थ, व्यवहार यांवर, शेवटचे २५ प्रेमावर. कन्याकुमारीच्या समुद्रातला कुरळकार तिरुवळ्ळुवरांचा पुतळा चौथऱ्यासकट १३३ फूट आहे, तो या हिशोबाने, आणि त्यातला चौथरा ३८ फुटांचा, तोही याच हिशोबाने. नालडियारमध्ये ४०० कडवी, जैन मुनींची. पुरनानूरु संघकाळातलं, म्हणजे सगळ्यांत जुन्या तमिळ कवितेच्या काळातलं, त्यातही ४०० कविता, पण त्या दीडशेहून अधिक कवींच्या. त्यांत औवैयारसारख्या कवयित्रीही आहेत. हे पुस्तक नीतिग्रंथ नव्हेच. राजांना, सरदारांना, मेलेल्या वीरांना उद्देशून म्हटलेल्या कविता आहेत. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी ताडपत्रांवरून ते जुळवून १८९४ साली छापलं.

आता तुलना. ती एकाच ताटावर करू, म्हणजे चव कळेल.

भीक मागण्याच्या धास्तीवर कुरळचा एक अख्खा अध्याय आहे. त्यातल्या १०६५ व्या द्विपदीचा अर्थ असा: पाण्यासारखी पातळ पेज का असेना, स्वतःच्या मेहनतीने मिळालेली असेल तर तिच्याइतकं गोड खाणं नाही. संपलं. तमिळमध्ये हे सगळं सात पदांत बसतं, पहिल्या ओळीत चार आणि दुसऱ्या ओळीत तीन. कुणाची पेज, कुठल्या गावची, कुणी वाढली, काही नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

हाच विषय नालडियार घेतं तेव्हा ताट बदलतं. उद्योगावरच्या अध्यायाच्या शेवटच्या कडव्यात पेरुमुत्तरैयर नावाचे धनी लोक येतात. ते मोठ्या आनंदाने परतलेल्या कालवणासकट भात वाढतात आणि हलकी माणसं तो खातात. आणि ज्यांना त्या कालवणाचं नावही माहीत नाही, त्यांना स्वतःच्या कष्टाचं नुसतं पाणीसुद्धा अमृत होतं. ही त्या धन्यांची स्तुती आहे की त्यांच्या पंगतीला बसणाऱ्यांना टोमणा, यावर घरमालक आणि त्यांचे मेहुणे एका रविवारी चांगले तासभर भांडले. मला मात्र 'कालवणाचं नावही माहीत नाही' एवढे शब्द पुरले. गरिबी अशीच असते, पदार्थ दुसऱ्याच्या ताटात दिसतो आणि त्याला काय म्हणतात तेही विचारता येत नाही. (या मुत्तरैयर मंडळींच्या उल्लेखामुळेच अभ्यासक नालडियारचा काळ सातव्या-आठव्या शतकाच्या आसपास धरतात. कुरळने कुठल्याच राजाचं किंवा घराण्याचं नाव घेतलेलं नाही, त्यामुळे त्याच्या काळावर वाद मिटत नाही आणि जैन, शैव, वैष्णव, ख्रिस्ती सगळेच त्याला आपलं म्हणतात.)

दोन पुस्तकांतला फरक इथे दिसतो. कुरळ हातात निष्कर्ष ठेवतं आणि निघून जातं. नालडियार आधी चित्र काढतं, तुम्हाला थोडं अस्वस्थ करतं, मग मुद्द्यावर येतं. पाठ करायला, भाषणात वापरायला, मुलांना सांगायला कुरळ. तमिळनाडूच्या सरकारी बसमध्ये कुरळची पाटी लावलेली असते, गर्दीत लोंबकळत दोन थांब्यांच्या मध्ये ती वाचून होते. नालडियारचं कडवं असं बसमध्ये वाचता येणार नाही.

राज्यकारभाराकडे वळलं की मात्र पारडं हलतं. इथे कुरळची खरी जोडी पुरनानूरुशी लागते, आणि नालडियार मागे पडतं.

कुरळमध्ये न्यायी राज्याला 'चेंगोन्मै' म्हणतात, म्हणजे सरळ राजदंड, आणि जुलमाला 'कोडुंगोन्मै', वाकडा राजदंड. हे लागोपाठचे अध्याय आहेत, ५५ आणि ५६. जग पावसाकडे डोळे लावून जगतं, तशी प्रजा राजदंडाकडे बघून जगते, ही ५४२ वी द्विपदी. दहा द्विपदी पुढे ५५२ वी: हातात राजदंड धरून 'दे' म्हणणारा राजा आणि भाला धरून 'दे' म्हणणारा वाटमाऱ्या सारखेच. मुळात 'वेलोडु' आणि 'कोलोडु' असे दोन शब्द समोरासमोर आहेत, एका अक्षराचा फरक. भाला आणि राजदंड यांत तेवढंच अंतर, हे कवीने कानानेच सांगितलंय. मराठीत आणताना तो ठोका हमखास जातो आणि मागे उरतं एक बऱ्यापैकी सुभाषित. कुरळ विकत घेणाऱ्याने हे आधीच गृहीत धरावं. अनुवादात सगळ्यांत जास्त झिजणारं पुस्तक हेच.

याच विषयावर पुरनानूरुची १८४ वी कविता. पिसिरान्दैयार नावाचा कवी पांड्य राजा अरिवुडै नंबीला सांगतो: पिकलेलं भात कापून, घास करून हत्तीला भरवलं तर एवढ्याशा तुकड्याचं धान्यही कित्येक दिवस पुरतं. पण हत्ती स्वतः शेतात शिरला, तर शंभर शेतं असली तरी तोंडात जातं त्याहून पायाखाली जास्त जातं. कर गोळा करण्यावर मी इतकं सरळ काही वाचलेलं नाही. कर घेऊ नका असं तो म्हणत नाही. हत्तीला खायला लागणारच. तो पायांबद्दल बोलतोय. बँकेत वसुलीच्या बैठकांना बसताना मला ही कविता अनेकदा आठवली आणि एकदाही मोठ्याने म्हणायची हिंमत झाली नाही.

आणखी एक, ३५ वी. वेळ्ळैक्कुडि नागनार चोळ राजा किळ्ळिवळवनला ऐकवतो, की पाऊस चुकला, पीक घटलं, लोकांच्या हातून भलतंसलतं घडलं, तरी जग दोष राज्यकर्त्यालाच देतं. आणि तुझ्या फौजेने जिंकलेली लढाई हे नांगराच्या फाळाने पिकवलेलंच फळ आहे. कवितेखालची जुनी टीप सांगते, की ही कविता म्हणून कवीने आपल्या जमिनीची थकलेली देणी माफ करून घेतली. म्हणजे एवढा थोर उपदेश आणि मुळात अर्ज कर्जमाफीचा! मला त्यामुळे ती कविता कमी नाही, जास्तच खरी वाटते. ज्याची थकबाकी आहे तोच राजाला पावसाबद्दल नीट सांगू शकतो.

४६ वी कविता मी सगळ्यांत शेवटी दाखवतो. तोच किळ्ळिवळवन शत्रूची, मलैयमानची, लहान मुलं हत्तीच्या पायाखाली देणार आहे. कवी कोवूर किळार मध्ये पडतो. तुझं कुळ कबुतराला वाचवणाऱ्याचं, या मुलांचं कुळ विद्वानांना आपल्या घासातला घास देणाऱ्यांचं, एवढं म्हणून तो राजाला नुसतं समोर बघायला लावतो: मुलांनी हत्ती पाहिला आणि ती रडायची विसरली, आता अनोळखी गर्दी बघून घाबरली आहेत. सांगायचं ते सांगितलं, पुढे तू जाण, असा शेवट. टीप म्हणते, मुलं वाचली.

कुरळमध्ये ४४८ वी द्विपदी आहे: खडसावणारं कुणी जवळ नसलेला राजा शत्रू नसतानाही बुडतो. उत्तम वाक्य आहे, ऑफिसच्या भिंतीवर लावण्यासारखं, आणि म्हणूनच धोक्याचं. भिंतीवर लावलं की काम झाल्यासारखं वाटतं. खडसावणं म्हणजे काय, ते किती माफक शब्दांत करावं लागतं आणि त्यात जीव कसा टांगणीला असतो, हे कोवूर किळार दाखवतो. आधी त्याची कविता वाचून मग ४४८ वर या, ती द्विपदी वेगळीच ऐकू येते. उलट क्रमाने मी वाचलं होतं आणि कुरळचा 'पोरुळ्' भाग मला दोन वर्षं कोरडा वाटत राहिला.

कष्ट आणि दैव यांच्या बाबतीत कुरळ आपल्याशीच भांडतं, आणि मला ते आवडतं. सदाचाराच्या भागाचा शेवट ३८० व्या द्विपदीवर होतो: दैवापेक्षा बलवान काय आहे, दुसरा उपाय योजला तरी ते आधी येऊन उभं राहतं. पुढच्या भागात ६१९ म्हणते, देवाच्या हातून झालं नाही तरी प्रयत्न आपल्या अंगमेहनतीची मजुरी देतोच. इथे 'कूलि' असाच शब्द आहे, रोजंदारीवाला. आणि ६२० म्हणते, न थकता राबणारे दैवालाही पाठ दाखवायला लावतात. याचा मेळ कसा घालायचा, हे तुमच्यावर सोडलंय. नालडियारमध्ये प्रयत्नाची प्रतिमा जास्त संथ आहे: वाटेवर वाऱ्याने डोलणारं कोवळं झाड, आत गाभा धरला की त्यालाच हत्ती बांधतात. पुरनानूरुत कणियन् पूंगुन्ड्रनारची १९२ वी कविता आहे. सगळी गावं आपली, सगळे आपले सोयरे, ही ओळ त्यातलीच. ती पुढे जीवनाला पुरात वाहणारा तराफा म्हणते आणि म्हणून मोठ्यांना बघून आम्ही भारावत नाही, लहानांना तुच्छ तर मुळीच लेखत नाही, असं सांगते. प्रयत्नवाद शोधणाऱ्याला ती निराश करेल.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. कुरळमध्ये पतीलाच देव मानणारी स्त्री 'पड' म्हणाली की पाऊस पडतो, आणि बायकोच्या शब्दात वागू नये यावर अख्खा अध्याय खर्ची पडलाय. मुलीच्या हातात पुस्तक देताना मी ती पानं लपवली नाहीत, पण वाद होणार हे ठरलेलं होतं, झालाच. नालडियारचं पहिलंच कडवं, बायकोने सहा रसांचं जेवण भरवलेला माणूसही उद्या कुठेतरी आंबील मागत फिरेल, इथून सुरू होतं. थोडं पुढे लग्नाचा ढोल त्याच जागी प्रेताचा ढोल होतो. देहाच्या किळसेवर तर वेगळा अध्यायच आहे. तिशीच्या आत ते वाचू नये असं माझं मत. पुरनानूरुत युद्धाची हौस फार, आणि कवी राजाच्या दानावर जगतो हे दर तिसऱ्या पानावर आठवत राहतं.

मिळण्याचं म्हणाल तर मराठी वाचकाला कुरळ सगळ्यांत जवळचं. साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना त्याचा अनुवाद केला. इंग्रजी चालत असेल तर जी. यू. पोप यांचं कुरळ १८८६ चं आणि नालडियार १८९३ चं. दोन्हींची भाषा जुन्या चर्चमधली वाटते, पण माणूस प्रामाणिक आहे. पुरनानूरुतल्या निवडक कविता ए. के. रामानुजन यांच्या इंग्रजीत वाचाव्यात. मूळ यमक हरवलं तरी हत्ती आणि शेत हरवत नाहीत, हा या पुस्तकाचा मोठा फायदा.

तेव्हा एकच घ्यायचं तर कुरळ घ्या, घरात राहणारं पुस्तक ते आहे. पण पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी पुरनानूरुच्या वर सांगितलेल्या राज्यकारभारावरच्या तीन कविता कुठून तरी मिळवून वाचा, मग कुरळचे ५५ आणि ५६, मग ६२, मग थेट १०४. नालडियार वाचनालयातून आणा. आवडलं तर तुमचं वय झालंय.

१०४ वा अध्याय शेतीवर आहे. मालक फिरकला नाही तर जमीन बायकोसारखी रुसून बसते, हे त्यातलंच. त्याच्या आधीची १०३७ वी सांगते, नांगरलेली माती एक पल वजनाची पाव पल होईपर्यंत वाळू दिली तर मूठभर खतही न घालता भरघोस पिकतं. हे मी गावी काकांना वाचून दाखवलं. काका उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापू देतात, त्यामुळे पहिल्या अर्ध्याला मान डोलली. दुसऱ्याला थांबले. "माती तापवायची ते बरोबर आहे," म्हणाले, "पण मूठभर शेणखत नको म्हणतोय ना, त्याची जमीन बघायला पाहिजे. कुठली म्हणालास, कावेरीकाठची?"