फोर्ड एक्सप्लोरर (२०२०-२२): जुनी घेताना आधी मागचा बोल्ट पाहा

तीन रांगांची ऐसपैस गाडी, इंजिनही दमदार. पण अमेरिकेत या पिढीच्या रिकॉलची (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावण्याची) यादी लांबलचक आहे. त्यातला मागच्या अॅक्सलचा आडवा बोल्ट सर्वांत गंभीर. तो तुटला की अॅक्सल हलतो आणि ड्राइव्हशाफ्ट (चाकांकडे इंजिनची ताकद नेणारा दांडा) सुटू शकतो. गिअर 'पार्क'वर टाकल्यावर गिअरबॉक्स कुलूपबंद होतो खरा, पण चाकांशी त्याचा संबंधच तुटलेला असतो, त्यामुळे उतारावर गाडी घरंगळते. चालत्या गाडीत हेच झालं तर इंजिन घुमतं, गाडी पुढे सरकत नाही.

२०२२ मध्ये सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावल्या, पण उपाय काय तर सॉफ्टवेअर: पार्किंग ब्रेक आपोआप लागेल एवढंच. म्हणजे बोल्ट तुटायचा तो तुटणारच! मालकांनी तक्रारी केल्या, एनएचटीएसएने (अमेरिकेची सरकारी रस्ते सुरक्षा संस्था) चौकशी लावली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये बुशिंग (धक्के झेलणारा जोडभाग) आणि अॅक्सल कव्हर बदलून देणारा नवा रिकॉल निघाला. म्हणून विकणारा 'रिकॉल झालाय' म्हणाला की विचारा, कोणता? डीलरच्या कागदावर पार्ट बदलल्याची नोंद हवी. नुसतं 'अपडेट' पुरेसं नाही.

३६० अंशांच्या कॅमेऱ्याचा निळा पडदा, म्हणजे मागचं चित्र न दिसता स्क्रीन निळी होणं, हाही रिकॉलचाच विषय. रिव्हर्स टाकून पाच-सात वेळा तपासा.

चालकाच्या बाजूला समोरच्या काचेखाली १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) दिसतो. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू कधीच नसतात. गोल दिसलं तर शून्य समजा. एनएचटीएसएच्या साइटवर तो टाका. बाकी असलेलं रिकॉलचं काम डीलरकडे फुकट होतं, दुसऱ्या मालकालाही.