धरमपेठेतील रविवारचा तैलरंग वर्ग : हौशी चित्रकाराला कितपत उपयोगाचा?

नागपुरात नोकरी किंवा घर सांभाळून तैलरंग शिकू पाहणाऱ्या माणसापुढे फारसे पर्याय नाहीत. शासकीय चित्रकला महाविद्यालयातील शिक्षण पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि सुटीच्या दिवशी दोन तासांत एक चित्र पूर्ण करून देणाऱ्या कार्यशाळांत बहुतेक वेळा ॲक्रिलिक हाताळले जाते, कारण ते लगेच वाळते आणि चित्र त्याच दिवशी घरी नेता येते. धरमपेठेतील हा रविवार सकाळचा वर्ग त्या घाईत पडत नाही, म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो. एकेका चित्रावर अनेक आठवडे काम चालते आणि दोन थरांमधल्या काळात काय करायचे, हेही येथे नीट शिकवले जाते. वर्गात काही उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. तरीही तैलरंगाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल, तर येथे जावे असे मी निःसंकोचपणे सुचवेन.

येणाऱ्यांपैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात. हाताला जलरंगाची सवय असते, म्हणजे कागदाचा पांढरा राखत फिकटाकडून गडदाकडे जाण्याची. तैलरंगात ही सवय मोडावी लागते. सर सुरुवातीला रंगांना हात लावू देत नाहीत; बर्न्ट अंबरमध्ये थोडे टर्पेंटाइन (रंग पातळ करणारा द्रव) घालून संपूर्ण चित्र आधी एकाच तपकिरी रंगात उभे करायला लावतात. अंबरमध्ये मँगनीज असते आणि ते तेल वाळण्याचा वेग वाढवते, त्यामुळे हा पहिला पातळ थर लवकर वाळतो आणि त्यावर पुढचे काम करता येते. त्यानंतरच्या प्रत्येक थरात तेलाचे प्रमाण थोडे वाढवत न्यायचे, खालच्या थरापेक्षा वरचा थर कधीही कमी तेलाचा ठेवायचा नाही, हा नियम येथे तोंडपाठ करून घेतला जातो आणि त्यामागचे कारणही सांगितले जाते. तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. तेलकट थर खाली राहिला तर तो दीर्घकाळ हलत राहतो आणि वर आधीच कडक झालेल्या थराला तडे जातात.

संत्र्यांच्या वस्तुचित्राचा धडा मला सर्वांत आवडला. पांढऱ्या कापडावर अंबिया बहाराची तीन-चार संत्री ठेवली होती, देठाजवळ अजून हिरवट छटा असलेली. शेजारच्या इझलवर काम करणारे एक निवृत्त गृहस्थ सावलीसाठी नारिंगीत काळा मिसळत होते आणि सावली मळकट, राखाडी दिसत होती. सर त्यांच्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काकाजी, काळा राहू द्या. आधी चिमूटभर अल्ट्रामरीन घालून पाहा." नारिंगीत तेवढा निळा पडताच सावलीला खोल, उबदार तपकिरी रंग आला आणि फळ एकदम गोल दिसू लागले. मग सरांनी संत्र्याच्या अगदी तळाशी, सावलीच्या आत, कापडावरून उलटून आलेला उजेड दाखवला. तो एकदा दिसला की पुढे प्रत्येक गोल वस्तूत दिसत राहतो. संत्री आठवड्यागणिक सुकत जातात, म्हणून फळे आधी पूर्ण करायची आणि कापडाच्या घड्या नंतर, हे नियोजनही त्याच धड्यात झाले.

नागपूरच्या हवेचा इतका बारकाईने विचार करणारा वर्ग मी दुसरा पाहिलेला नाही. टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंश तापमानालाच ठिणगीने पेटण्याइतकी साचते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यामुळे एप्रिल ते जून या काळात वर्गात टर्पेंटाइनची बाटली उघडतच नाही. ब्रश आधी कापडाने पुसायचा, मग तेलात घोळवून पुन्हा पुसायचा आणि शेवटी साबणाने धुवायचा. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, त्यामुळे एसीच्या बंद खोलीत कोंडणारा वास येथे साचत नाही; मात्र त्याचा दमट झोत कॅनव्हासवर येऊ नये म्हणून इझल बाजूला लावतात, कारण हवेतला ओलावा बदलला की कापडाचा ताणही बदलतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकायला सक्त मनाई आहे. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि चिंध्यांच्या बोळ्यात ती अडकली तर आग आपोआप लागू शकते. दाराजवळ पाणी भरलेला झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो, चिंध्या त्यातच जातात. हौशी माणूस घरी, बहुधा गॅलरीत किंवा मुलांच्या खोलीत चित्र काढतो, म्हणून हे ज्ञान मला रंगसंगतीपेक्षाही आधी हवेसे वाटते.

विदर्भात जवस पिकतो, घरोघरी त्याची चटणी होते, तेव्हा घाण्याचे तेल रंगात चालेल का हा प्रश्न वर्गात हटकून निघतो. सर तो झटकून टाकत नाहीत. तेल तेच, पण न शुद्ध केलेल्या तेलात चिकट द्रव्य आणि गाळ राहतो, आणि त्याने रंग अधिक पिवळा पडण्याचा धोका असतो, म्हणून चित्रासाठी शुद्ध केलेले लिनसीड, म्हणजे जवसाचेच, तेल घ्यावे, असे ते समजावून सांगतात.

आता उणिवांबद्दल. प्रवेश घेताना साहित्याचा जो तयार संच घ्यायला सुचवले जाते, त्यातील पांढरा झिंक व्हाइट आहे. झिंकचा थर वर्षांनुवर्षांत ठिसूळ होतो आणि पापुद्रे सुटण्याचा संभव असतो, ही गोष्ट आता चित्रसंवर्धन करणाऱ्यांमध्ये सर्वमान्य आहे. शास्त्राबद्दल इतका काटेकोर असलेल्या वर्गाने पायाभूत पांढरा म्हणून तो द्यावा, हे मला पटत नाही. दुसरी अडचण उजेडाची आहे. खिडक्या पूर्वेला आहेत, त्यामुळे सकाळभर ऊन सरकत राहते आणि संत्र्यावरची सावली तासाभरात जागा बदलते. पडदा आणि एक स्थिर दिवा एवढ्याने हा प्रश्न सुटू शकेल. सर्वांत मोठी तक्रार शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. तेथे प्रत्येकाला मोबाइलवरचा हवा तो फोटो रंगवण्याची मुभा मिळते आणि निम्मा वर्ग बर्फाचे डोंगर किंवा परदेशी गल्ल्या उतरवू लागतो. फोटोत सावल्या आधीच काळ्या होऊन गेलेल्या असतात. संत्र्यांनी जे पाहायला शिकवले, ते तेथे पुसले जाते. फुटाळा किंवा अंबाझरी तलाव हाकेच्या अंतरावर असताना हा टप्पा काठावर बसून, छोट्या बोर्डवर का घेऊ नये? रेखाटनाकडेही दुर्लक्ष होते. ज्याचा हात कच्चा आहे त्याला स्वतंत्र सराव करावाच लागेल.

प्रवेश घ्यायचा असेल तर दिवाळीनंतरच्या बॅचमध्ये घ्यावा. पावसाळ्यातला दमटपणा संपलेला असतो, थर वेळेवर वाळतात आणि टर्पेंटाइन वापरण्याइतकी हवा थंड असते. संच न घेता सुट्या ट्यूब आणल्या तरी सर हरकत घेत नाहीत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, एक उजळ पिवळा, एक गर्द लाल, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला आहे का, ते पाहून घ्यावे. अल्ट्रामरीनवर पीबी २९ आणि टायटॅनियमवर पीडब्ल्यू ६ असे लिहिलेले असते. नावापुढे 'ह्यू' असेल तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य आहे असे समजावे, शिकण्यासाठी ते चालते. पांढरा मात्र मोठ्या ट्यूबमध्येच घ्यावा, तो इतर सगळ्यांच्या आधी संपतो.